पुढची तारीख

परळच्या नाक्यावरून आत वळून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाने टाटा स्मारक रुग्णालयाकडे चालू लागले, म्हणजे इमारत दृष्टीस पडण्यापूर्वी तिच्या आश्रयाला आलेली माणसे दृष्टीस पडतात. पदपथाच्या कडेला निळ्या प्लास्टिकचे छत बांधून, वळकटी, पाण्याची बाटली आणि तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी एवढाच संसार मांडून कुणी दरभंग्याचे, कुणी मुर्शिदाबादचे, कुणी बीडचे तर कुणी यवतमाळचे कुटुंब भर श्रावणात तेथे बसलेले असते. आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरी या घटकेला काही ना काही अर्धवट सुटलेले असते: फुलोऱ्यात आलेले सोयाबीन, जमलेले लग्न, स्लॅबपर्यंत येऊन थांबलेले घर, न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेला बांधाचा दावा. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अग्रक्रम’ हा विषय दिला, तेव्हा माणसाच्या आयुष्यातील कामांचा क्रम कुणाच्याही उपदेशावाचून जेथे बदलतो, ते ठिकाण आधी पाहावे असे मला वाटले, आणि म्हणून मी परळला व तेथून दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊ लागलो.

या रुग्णालयाचा जन्मच मुळी एका घरावर कोसळलेल्या आजारातून झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशातील शुश्रूषागृहात निवर्तल्या. जे उपचार तेथे मिळाले ते आपल्या देशात का मिळू नयेत, ही तळमळ दोराबजींच्या मनात राहिली, परंतु तेही पुढच्याच वर्षी गेले. पुढे त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने ते काम हाती घेतले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला रुग्णालय उघडले. 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आले. मुंबईतल्या एका धनिक घराने आपल्या दुःखाला दिलेले हे उत्तर आज ज्यांच्या उपयोगी पडते, त्यांतील बहुसंख्यांनी टाटांचे नाव मिठावर आणि मालमोटारीवरच वाचलेले असते.

तीन बोटांची परीक्षा

महाराष्ट्रातून येथे येणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जण तोंडाच्या तक्रारी घेऊन येतात, आणि त्यामागील कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. 2016-17 च्या राष्ट्रव्यापी पाहणीत आपल्या राज्यातील प्रौढांपैकी 26.6 टक्के माणसे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करताना आढळली, आणि त्यांतील फार मोठा भाग धुराचा नव्हे तर चघळण्याचा होता. पश्चिम महाराष्ट्रात चुन्यात मळलेली तंबाखू, बायकांच्या हातची मशेरी, विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा अशी या व्यसनाची प्रांतोप्रांतीची रूपे आहेत. 2012 च्या जुलैमध्ये शासनाने गुटख्याच्या विक्रीवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी किती झाली हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंती सांगू शकतील.

सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतू धरू लागतात, गाल ताठरतात आणि जबडा हळूहळू आखडत जातो. निरोगी माणसाच्या तोंडात आपल्याच हाताची तीन बोटे उभी सहज मावतात. दोनच मावू लागली की सावध व्हावे, आणि एकच मावले तर मुळीच विलंब करू नये, हे दंतवैद्य शाळकरी मुलांनाही समजावून देतात. या अवस्थेला कर्करोग म्हणत नाहीत. गालावर किंवा जिभेच्या कडेला उमटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यालाही म्हणत नाहीत. त्या केवळ पूर्वसूचना होत, आणि त्यातील एखादा तुकडा काढून तपासणीस गेला की अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस माणसाने कसे काढले, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा होय.

अशाच एका प्रतीक्षेतून सुखरूप बाहेर पडलेले गृहस्थ मला भेटले. चंद्रपूरकडील एका पतसंस्थेत ते रोखपाल आहेत. चट्ट्याचा तुकडा तपासणीस गेल्यानंतर त्यांनी पहिल्या रात्री आपल्या विम्याच्या पावत्या एका जागी लावल्या, दुसऱ्या दिवशी भावाशी तीन वर्षे बंद असलेले बोलणे सुरू केले, आणि त्यानंतर रोज सायंकाळी मुलाचा अभ्यास घेऊ लागले. ‘‘साहेब, त्या दिवसांत मी जितका चांगला बाप होतो, तितका कधीच नव्हतो,’’ हे सांगताना त्यांचा स्वर भरून आला होता. अहवाल निर्वेध आला. खर्रा चार महिने सुटला. मग कार्यालयात हिशेब-तपासणीचा ताण आला तेव्हा एक दिवस सुपारी तोंडात गेली आणि दिवाळीपर्यंत खर्राही परत आला. भावाशी सुरू झालेले बोलणे मात्र टिकले. मुलाचा अभ्यास टिकला नाही. या तिहेरी निकालाचा मी पुष्कळ विचार केला, आणि पुढे जी जी माणसे भेटली त्यांच्याकडेही त्याच दृष्टीने पाहू लागलो: भीतीने मनात काय आले यापेक्षा भीती ओसरल्यावर काय उरले, आणि ते का उरले?

भावाशी बोलणे उरले, कारण ते दोघांचे झाले होते. एकाने थांबवायचे म्हटले तरी दुसरा दूरध्वनी करीतच होता. खर्रा सोडणे हे एकट्याचे होते, आणि ते ज्या कार्यालयात टिकवायचे होते तेथे प्रत्येक मेजाच्या खणात पुडी होती.

भीतीचे आयुष्य

मरणाची शक्यता समीप आली की माणूस कशाला महत्त्व देतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी असे दाखविले, की पुढे उरलेला काळ थोडा आहे अशी जाणीव झाली म्हणजे माणूस नव्या ओळखी, नवे ज्ञान, नवी प्राप्ती यांकडून जवळच्या मोजक्या माणसांकडे वळतो. हा बदल वयाचा नसून काळाच्या जाणिवेचा आहे, कारण एचआयव्हीची बाधा झालेल्या तरुणांमध्येही त्यांना वृद्धांसारखीच निवड आढळली. हे मत मला पटते, परंतु त्यातील एक भाग धर्मशाळेच्या ओसरीवर बसून अधिक स्पष्ट होतो. काळाची जाणीव नेहमी सारखी राहत नाही. ती रुग्णालयाच्या तारखेबरोबर भरते आणि ओसरते.

तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात, कारण रोग परतायचा असेल तर बहुधा याच अवधीत परततो. पुढे अंतर सहा महिन्यांचे होते आणि पाच वर्षांनी बरेचसे भय टळले असे मानतात. तारखेच्या आधीच्या आठवड्यात घरात कुणी कुणाला उलट बोलत नाही, देवाला नवस होतो, पथ्य कडक पाळले जाते. ‘‘सगळं ठीक आहे, तीन महिन्यांनी या,’’ हे शब्द कानी पडले की गाडी सुटण्यापूर्वीच जुना संसार आपल्या जागी परत येऊ लागतो. धर्मशाळेत जुने रुग्ण नव्यांना हे सगळे सांगत असतात, आणि त्यात उपहासाचा लवलेश नसतो. आपणही त्याच चक्रातून गेलो, हे त्यांना ठाऊक असते.

ज्यांच्या बाबतीत बदल टिकला असे सर्वांना माहीत आहे, त्यांत मराठी वाचकाला पहिले नाव आठवते ते गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचे. ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी आहार, व्यायाम, ध्यान आणि कामाची गती या सर्वांची पुनर्रचना केली आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात ती सविस्तर मांडली. त्या पुस्तकाने महाराष्ट्रातील असंख्य घरांतील तेलाची बरणी लहान केली असेल. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी केवळ निश्चय केला नाही, तर दिवसाच्या तासांची फेरमांडणी केली. आणि ज्याला आपल्या दिवसाचे तास स्वतः मांडता येतात, अशा परिस्थितीत ते होते. परळच्या पदपथावरील माणसाला ती मुभा नाही. त्याच्या दिवसाचे तास मुकादम मांडतो, नाहीतर पाऊस मांडतो.

कागदांची उलाढाल

या धर्मशाळेत दिसलेली एक गोष्ट पूर्वी माझ्या कल्पनेतही नव्हती, ती म्हणजे आजाराबरोबर सुरू होणारी कागदांची उलाढाल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागते, आणि ती फाटलेली किंवा वडिलांच्या नावाची असते. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करायचा तर तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडे वेगळा अर्ज, रेल्वेच्या सवलतीसाठी वेगळा नमुना. ज्या माणसाने आयुष्यभर कचेरीची पायरी टाळली, तो आता झेरॉक्सच्या दुकानात रांगेला उभा असतो. आणि एकदा का दप्तर उघडले, की त्यातून इतर कागदही वर येतात: आजोबांच्या नावे राहिलेला सातबारा, न झालेली वारसनोंद, सोसायटीचे थकलेले कर्ज, बहिणीच्या सहीचे हक्कसोडपत्र.

हे शेवटचे मी एका विशिष्ट माणसावरून लिहितो आहे. लातूर जिल्ह्यातील पन्नाशीचे एक शेतकरी. खालच्या जबड्याचा एक भाग काढून मांडीच्या कातडीने तोंडाची आतली बाजू शिवलेली, मानेवर लांब व्रण, आणि आता विकिरणाची तीस सत्रे चालू. गावाकडचे लोक याला शेक म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. बोलणे नीटसे उमटत नाही, म्हणून त्यांचे म्हणणे शेजारी बसलेली मोठी बहीण समजावून देते. बायको का आली नाही, असे मी विचारले नाही; तरी अक्कांनीच सांगितले, की दोन म्हशी आणि खुरपणी सोडून ती यायची कशी? त्या स्वतः विधवा, मुलीचे लग्न झालेले, शेतमजुरीवर जगणाऱ्या. म्हणून ‘मोकळ्या’ ठरल्या आणि आल्या.

पंधरा वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा याच अक्कांनी तलाठ्याच्या सज्जात, भावाच्या शब्दावर, आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला होता. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क आहे. तरीही खेडोपाडी रक्षाबंधन आणि हक्कसोडपत्र यांचा जोड अजून सुटलेला नाही, आणि माहेर तुटू नये म्हणून बायका सही करतात. आता रात्री भावाच्या नळीतून पातळ पेज घालताना त्या कागदाचा विषय अक्कांनी काढला नव्हता. तो भावानेच काढला. त्याला एक एकर तिच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचे आहे.

‘‘म्या म्हटलं, येडा झालास का? आधी खाऊन घे,’’ अक्का म्हणाल्या.

भावाने पाटीवर लिहिले, ‘‘वकिलाला फोन केला.’’

वकिलाने अडचण सांगितली आहे. जमीन वडिलोपार्जित, त्यात मुलाचाही हक्क. त्याच्या संमतीवाचून केलेले बक्षीस उद्या टिकणार नाही. मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. त्याचे म्हणणे असे, की उपचारांपायी आधीच दीड एकर गहाण पडले, त्यात आणखी एक एकर आत्याला दिले तर आपण परतायचे कोठे? मला या मुलाला स्वार्थी म्हणवत नाही. बापाचा अग्रक्रम मरणाच्या सावलीत बदलला. मुलाच्या पुढे चाळीस वर्षांचे पोट आहे. आजाराने शहाणपण येते असे आपण लिहून मोकळे होतो, पण एकाच्या शहाणपणाचे मोल पुष्कळदा दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते, आणि ते कुणी कसे फेडायचे हे कोणत्याही इस्पितळात सांगत नाहीत.

ज्यांचा क्रम शेवटचा

बायकांच्या बाजूला गेले की चित्र पालटते. तेथे आजारानंतर क्रम बदलला असे सांगणारी क्वचितच भेटते. आजारापूर्वीच्या क्रमाचीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. बार्शीकडील एक बाई म्हणाल्या, ‘‘अंगावरून जात होतं, पण म्हटलं पोराची बारावी होऊ दे. मग नणंदेचं बाळंतपण आलं. मग म्हटलं, ऊस जाऊ दे.’’ असे करता करता दीड वर्ष गेले.

हे त्याच भूभागात घडावे याची मला विशेष खंत वाटते. बार्शी येथे 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, आणि देशातील ती या प्रकारची पहिली होय. त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, या शतकाच्या आरंभी तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत गर्भाशयमुखाची विषाणू-तपासणी एकदाच, होय, आयुष्यात एकदाच, करण्यात आली, त्या गावांतील या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे भरले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने तर दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना तयार करून, केवळ सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नजरेने पाहण्याची पद्धत वापरली आणि मृत्यूंत 31 टक्के घट झाल्याचे 2014 साली प्रसिद्ध केले. तेव्हा उपाय ठाऊक नाही असे नाही. बाईने आपल्या शरीरासाठी एक सकाळ राखून ठेवावी, एवढाच प्रश्न आहे, आणि तेवढीच सकाळ घरातील कुणी तिला देत नाही, ती स्वतःही स्वतःला देत नाही.

या बार्शीकडील बाईंनी मला आपल्यातला एकच बदल सांगितला. ‘‘दूध आलं की आधी माझ्यापुरतं पेलाभर काढून ठेवते. सासूबाई बघत राहतात. बघू देत.’’ मला तो बदल लहान वाटला नाही. पतसंस्थेच्या रोखपालांच्या निश्चयांहून त्याला अधिक दिवस लाभतील असा माझा अंदाज आहे, कारण तो रोज सकाळी दुधाच्या किटलीशी बांधलेला आहे. त्यासाठी पुन्हा घाबरावे लागत नाही.

सोबत्याची मजुरी

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या त्या यात्रेकरूंसाठी. मुंबईत त्यांच्या नावाची ही वास्तू रुग्ण आणि त्यांचे सोबती यांच्या निवाऱ्याची झाली. येथे ज्याला खोली मिळते त्याच्या डोक्यावरचे छप्पर आणि पोटाची चिंता पुष्कळशी मिटते, आणि म्हणूनच येथे सोबत्याकडे नीट पाहता येते. तोच फेऱ्या मारतो, रांगेत उभा राहतो, मोबाईलवर गावाकडच्या दुभत्या जनावराची चौकशी करतो, आणि रुग्ण झोपल्यावर जिन्यात बसून रडून घेतो. त्याच्या आयुष्याचा क्रमही उलटापालटा झालेला असतो, परंतु तो त्याने निवडलेला नसतो आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारीतही नाही.

शासनाच्या योजनांना शस्त्रक्रिया दिसते, औषध दिसते, विकिरण दिसते. रेल्वे तर शयनयानात कर्करुग्णाला पूर्ण आणि एका सोबत्याला 75 टक्के सूट देते, आणि तिच्या तिजोरीच्या मानाने हे औदार्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे. परंतु सहा आठवडे बुडालेल्या मजुरीसाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही. रोजंदारीवरचा सोबती दहा दिवसांत मुंबईहून परत फिरतो, त्याच्यामागे रुग्ण एकटा राहतो, आणि विकिरणाची सत्रे मध्येच सुटतात; यंत्र आहे, तंत्रज्ञ आहे, योजनेची मंजुरी आहे, आणि आधार देऊन रांगेपर्यंत नेणारे माणूस नाही म्हणून उपचार अपुरा राहतो. रुग्णाबरोबर राहणाऱ्या एका व्यक्तीला उपचारांच्या काळापुरती रोजगार हमीच्या दराने तरी मजुरी द्यावी, असे मला निक्षून म्हणावेसे वाटते. दवाखान्याच्या हजेरीवर त्याचे नाव चढले की तलाठ्याचा दाखलाही लागणार नाही.

अक्कांच्या भावाने हा रकाना आपल्यापुरता काढला आहे. उशाशी असलेल्या वहीत औषधांच्या हिशेबाखाली त्याने अक्कांचे दिवस मांडले आहेत आणि पुढे गावातला खुरपणीचा दर धरला आहे. अक्कांना वाचता येत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीने त्यांना ते वाचून दाखविले तेव्हा त्या संतापल्या. ‘‘मला हजेरी लावतोस व्हय रे?’’ भावाने उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवसाची नोंदही चुकविली नाही.

त्या वहीचे छायाचित्र कुणीतरी पुण्याच्या मुलाला पाठविले. बक्षीसपत्राला त्याने अजून रुकार दिलेला नाही, आणि देईलच असे अक्काही म्हणत नाहीत. मात्र भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायला अक्का गावी जाणार आहेत, म्हशींच्या धारांना वहिनीला हातभार लावून, मिळेल तेवढी खुरपणी करूनच त्या परततील. आणि शेकाची उरलेली बारा सत्रे होईपर्यंत बापाजवळ राहण्यासाठी मुलाने मुकादमाकडून बिनपगारी रजा घेतली आहे. पेज किती पातळ करायची, नळी कशी धुवायची, शेकाची रांग कोणत्या दाराशी लागते, हे सारे अक्का त्याला दूरध्वनीवरून रोज थोडे थोडे शिकवीत आहेत.